लाल लाइट आणि नापास मेंढ्या

माउसचा बाण स्क्रीनच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत न्यायला राजेश्रीला सात सेकंद लागत होते. तिनं ते मोजले होते. एकदा नाही, दहा वेळा. मनगटी घड्याळाच्या सेकंदकाट्यावर मोजून, सरासरी काढून वहीत लिहिले होते. सात पूर्णांक एक. बाण निघायचा, मध्येच उन्हानं बेजार झालेल्या म्हशीसारखा बसकण मारायचा आणि मग एकदम उडी घेऊन पलीकडे उगवायचा. जुन्या कॉम्प्युटरवर हेच काम एका सेकंदात व्हायचं, आणि जुना कॉम्प्युटर अकरा वर्षांचा होता.

नवा येऊन सतरा दिवस झाले होते!

तो आला त्या दिवशी हरिओमनं दुकानासमोर नारळ फोडला. "परभणीपासून पूर्ण्यापर्यंत असलं मशीन कुणाकडं न्हाई!" त्यानं जमलेल्या माणसांना सांगितलं. "गेम खेळणारे वापरत्यात हे. लय पॉवर! आमच्या राजेश्रीनं बटन दाबायच्या आधीच रिपोर्ट बाहेर येतंय का न्हाई बगा!"

हरिओम म्हणजे राजेश्रीचा नवरा. पेडगावात रस्त्याला लागून त्याचं खता-बियाण्यांचं दुकान. त्याच दुकानात मागच्या बाजूला, प्लायवूडच्या आडोशामागे, राजेश्रीची माती तपासायची लॅब. ती रसायनशास्त्रातली एमएस्सी. मातीत काय कमी आहे ते बायको सांगते आणि जे कमी आहे ते नवरा विकतो. गावाला ही व्यवस्था फार सोयीची वाटायची. हरिओमला तर इतकी सोयीची वाटायची, की तो अधूनमधून आडोशावरून मान आत घालून म्हणायचा, "नत्र जरा कमीच दाखव की. थोडं हिकडंतिकडं झाल्यानं काय जमीन बोंबलत येणार हाय?"

राजेश्रीनं सहा वर्षांत एकदाही आकडा हिकडंतिकडं केला नव्हता. पण लॅब मात्र हलवलीही नव्हती. रस्त्यापलीकडच्या सुलाबाईनं आपल्या रिकाम्या खोलीची किल्ली दोन वर्षांपूर्वीच तिच्या हातात ठेवली होती. "तुज्या बाटल्या तिकडं आण बाई. खताच्या वासात किती दिवस बसतीस?" राजेश्री म्हणाली होती, दिवाळी झाली की बघू. दिवाळी झाली. संक्रांत झाली की बघू. तीही झाली. किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात होती, आणि घरात हा विषय काढायचा म्हटलं की राजेश्रीला नेमकं दुसरं काहीतरी काम आठवायचं.

तर, मशीन. ते पुढे काउंटरवर; स्क्रीन आणि माउस मात्र लांब वायरीनं मागे राजेश्रीपाशी. त्याच्या एका बाजूला काच होती. काचेआड तीन पंखे, आणि तिन्ही पंख्यांना लाइट! आतल्या मेमरीच्या पट्ट्यांना लाइट, कीबोर्डला लाइट, आणि काउंटरच्या कडेनं चिकटवलेल्या पट्टीला तर असा लाइट, की दुकान लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारखं सजलं होतं. हे लाइट दिसावेत म्हणून हरिओमनं शटर अर्धं खाली ओढलं आणि उरलेल्या जागेत जाड पडदा लावला. मे महिन्याच्या भर दुपारी दुकानात अंधार! लोक गार हवेला म्हणून यायचे आणि लाइट बघत बसायचे.

जुन्या कॉम्प्युटरचा डबा नर्मदाबाईंनी ताब्यात घेतला. नर्मदाबाई म्हणजे राजेश्रीच्या सासूबाई. "उंची बरोबर हाय," म्हणून त्या त्यावर बसून शेंगा फोडायच्या.

आता हे लाइट आपले आपण पेटत नाहीत. ते कसे पेटायचे हे सांगायला सॉफ्टवेअर लागतं. पंखे एका कंपनीचे, मेमरी दुसरीची, कीबोर्ड तिसरीचा, पट्टी चौथीची. म्हणून सॉफ्टवेअरही चार! चारही दिवसभर चालू. प्रत्येकजण सेकंदाला वीस वेळा आपल्या लाइटला विचारणार, "तू कोणत्या रंगाचा आहेस? अजून त्याच रंगाचा आहेस ना?" त्यातून चौघांनाही वाटायचं की सगळ्याच लाइटांवर आपली सत्ता आहे. एकानं हिरवा केला की दुसरा निळा करणार, तिसरा परत हिरवा. एका चुलीवर चार जावा, प्रत्येकीच्या हातात फुंकणी, आणि भात मात्र कच्चा! राजेश्रीनं सॉफ्टवेअर मोजणारी खिडकी उघडून पाहिली. कुणीही काही करत नसताना मशीनची अठ्ठावन्न टक्के ताकद नुसती रंग विचारण्यात जात होती. तिचा मोजमापाचा प्रोग्रॅम बिचारा रांगेत उभा. जो रिपोर्ट अकरा सेकंदांत निघायला हवा, त्याला तीन मिनिटं चाळीस सेकंद लागत होते.

"अहो," ती हरिओमला म्हणाली, "लाइटांमुळं मशीन हळू झालंय."

हरिओम हसला. "लाइटानं मशीन हळू व्हतंय व्हय? घरात बल्ब लावला तर पंखा हळू फिरतो का?"

काउंटरपाशी बसलेला लिंबाजी लगेच म्हणाला, "शेठ, आपल्याकडं तर फिरतो की! मोटार चालू झाली की बल्बबी डोळे मिटतो."

लिंबाजी मेंढपाळ. सत्तर मेंढ्या त्याच्याकडे. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की लोक त्याच्या मेंढ्या आपापल्या रानात रात्रीला बसवून घेत. मेंढ्यांच्या लेंड्या-मुतानं जमीन खतावायची, आणि त्या बदल्यात लिंबाजीला ज्वारी मिळायची. तिच्यावरच त्याचं वर्षाचं घर चालायचं.

लिंबाजीचं बोलणं हरिओमला एकदम पटलं. दुसऱ्याच दिवशी तो स्टॅबिलायझर घेऊन आला. बाण सात सेकंदच! मग मोठा यूपीएस आला. बाण सातच! मग नर्मदाबाईंनी मीठ-मिरच्या घेऊन मशीनची दृष्ट काढली. त्या धुरानं राजेश्रीला दहा मिनिटं खोकला आला. बाणाला काहीही झालं नाही.

"लाइट जेवढी वीज खातात त्याचा प्रश्न नाही हो," राजेश्रीनं पुन्हा सांगितलं. "त्यांना चालवणारे प्रोग्रॅम बंद करा. प्रश्न त्यांचा आहे."

"बरं बाई, तुजं समाधान व्हऊ दे!" हरिओमनं चारही सॉफ्टवेअर उघडली आणि चारहींत एकच रंग निवडला. काळा! सगळे लाइट विझले. सॉफ्टवेअर मात्र चौघंही जागच्या जागी, सेकंदाला वीस वेळा विचारत, "अजून काळाच आहेस ना?" मशीन तसंच रेंगाळत राहिलं.

"बगितलंस?" हरिओम विजयानं म्हणाला. "लाइट बंद, तरी मशीन हळूच. म्हंजे दोष तुज्याच प्रोग्रॅमचा. लाइटावर उगंच आळ घेतलास!"

त्यानं लाइट पुन्हा चालू केले. राजेश्रीनं वहीत लिहिलं: काळा रंग, सत्तावन्न टक्के. घरात तेवढी एक वहीच तिचं ऐकून घ्यायची.

आणि मग हरिओमच्या डोक्यात ती कल्पना आली. मशीन विकणारा परभणीचा बबलू त्याचा दोस्त. त्यानं फोनवरूनच काहीतरी जोडणी करून दिली. राजेश्रीचा रिपोर्ट तयार झाला, की रंगाचं सॉफ्टवेअर त्यातला नत्राचा आकडा वाचणार आणि सगळं दुकान त्या रंगात न्हाऊन निघणार. नत्र पुरेसं असेल तर हिरवं, कमी असेल तर लाल! वाचता न येणाऱ्यालाही कळेल, आणि वाचता येणाऱ्याला वाचायची गरजच उरणार नाही.

राजेश्रीला हे कळलं तेव्हा तिच्या हातात परीक्षानळी होती. तिचं सगळं कामच रंगांचं. मातीवर नारंगी द्रावण घालायचं. मातीत शेणामुताचा, पालापाचोळ्याचा अंश जितका जास्त, तितका नारंगीचा हिरवा होत जातो, आणि त्यावरूनच नत्र किती ते कळतं. त्या हिरव्याला कारण असतं. तो हिरवा होण्यासाठी कुणाच्या तरी मेंढ्या आठ रात्री रानात बसलेल्या असतात. ती म्हणाली, "रंग चुकला तर?"

"मशीन कसं चुकंल?" हरिओम म्हणाला.

मशीन चुकलं नाहीच. त्यानं फक्त वाट पाहिली. रंगाचं सॉफ्टवेअर रिपोर्टासाठी तीस सेकंद थांबायचं. रिपोर्ट यायला लागायचे दोनशे वीस. तीस सेकंदांत काही आलं नाही, की ते आपल्या मनानं एक रंग लावून मोकळं व्हायचं. तो रंग लाल!

राजेश्री आडोशामागे असायची, तिला पुढे कोणता रंग कधी लागला ते दिसायचं नाही. ती रिपोर्ट घेऊन बाहेर येईपर्यंत माणूस काउंटरवर युरियाची पोती बांधून घेत असायचा. तिच्या हातातला कागद तो घडी करून टोपीत किंवा खिशात घालायचा. "ताई, कागद कशाला? लाइट बगितला की आमी." एकदा ऐन तपासणीत वीज गेली, यूपीएसही दगा देऊन बसला, आणि सगळे लाइट विझले. तेव्हा तो शेतकरी मटकन खालीच बसला. "म्हंजे जमीन पार मेली का काय?"

आठवड्याभरात अर्ध्या पेडगावची जमीन लाल झाली. हरिओम खुशीत होता. आणि गुरुवारी सकाळी लिंबाजी आडोशामागे येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"ताई," तो म्हणाला, "माज्या मेंढ्या नापास झाल्या."

"काय?"

"माणिकरावाच्या रानात आठ रात्री बसवल्या. काल त्यांनी माती आणली. लाइट लाल! म्हणले, तुज्या मेंढ्या नुसत्या झोपून उठल्या का काय? ज्वारी देत न्हाई म्हणले. आन् त्यांचं ऐकून आजून दोघांनी रात्री रद्द केल्या. ताई, खोटं नगा सांगू. माज्या मेंढ्यांत दम न्हाई का?"

राजेश्रीनं वही काढली. माणिकरावांचा नमुना, काल, सकाळी साडेदहा. नत्र पुरेसं. पुरेसं कसलं, पंधरवड्यातला सगळ्यात चांगला आकडा! तिनं तो लिंबाजीला दाखवला. लिंबाजीला वाचता येत नव्हतं. तो वहीकडे बघत राहिला आणि मग आडोशावरून पुढे दिसणाऱ्या लाल उजेडाकडे.

तिनं रंगाचं सॉफ्टवेअर उघडलं. बाण सात सेकंदांनी पोचला. एका चौकटीत लिहिलं होतं: माहिती वेळेत न आल्यास रंग. समोर लाल. तिनं बबलूला फोन लावला.

"वहिनी, मी तर तिथं पांढरा ठिवला होता," बबलू म्हणाला. "म्हंजे ठाव न्हाई, असं. शेठचाच फोन आला, लाल कर म्हणले. म्हणले, पांढऱ्यावर गिऱ्हाईक नुसतं बसून राहतंय."

राजेश्रीनं फोन ठेवला. तिला राग आला, असं म्हणता येणार नाही. एखादं द्रावण कितीतरी वेळ स्वच्छ दिसत राहतं, आणि एका थेंबासरशी गढूळ होतं, तसं काहीतरी झालं.

"लिंबाजी," ती म्हणाली, "माणिकरावांना बोलवून आणा. माती पुन्हा तपासू. सगळ्यांसमोर."

दुपारपर्यंत दुकानात पंधरा-वीस माणसं जमली. माणिकराव पिशवीतून नवी माती घेऊन, हाताची घडी घालून उभे. नर्मदाबाई जुन्या कॉम्प्युटरवर. राजेश्रीनं मातीवर नारंगी द्रावण घातलं, ठरलेला वेळ थांबली, आणि आपल्या स्क्रीनवरून मशीनमधली चारही लाइट-सॉफ्टवेअर एकेक करून बंद केली. चौथं बंद होताच बाण असा सळसळत गेला, की तिलाच दचकायला झालं. तिनं नळी मोजमापाच्या यंत्रात ठेवली. अकरा सेकंद. रिपोर्ट हातात! तो घेऊन ती पुढे आली.

"नत्र पुरेसं," तिनं मोठ्यानं वाचलं. "माणिकराव, या रानाला यंदा युरिया नको. मेंढ्यांनी काम केलंय."

कुणीही कागदाकडे पाहिलं नाही. सगळे मशीनकडे बघत होते. मशीन लालच होतं!

त्याचं कारण साधं होतं. सॉफ्टवेअर बंद केलं तरी लाइट विझत नाहीत. शेवटी सांगितलेला रंग ते धरून बसतात. मालक निघून गेला तरी राखणदार त्याचंच शेवटचं वाक्य घोकत दारात उभा! राजेश्रीनं हे समजावून सांगितलं. नीट, पायरी-पायरीनं. लोकांनी नीट ऐकलं.

"ते सगळं खरं," माणिकराव म्हणाले. "पर लाइट तर लालच म्हणायलाय."

"लाइट मातीचं काही सांगत नाही हो!"

"मग आठ दिवस काय सांगायलाय?"

राजेश्रीनं हरिओमकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. तो घसा खाकरून म्हणाला, "माणिकराव, दोन पोती घिऊन ठिवा. असलेली बरी. उगं धोका कशाला?"

लिंबाजीनं मान खाली घातली.

राजेश्री आत गेली आणि यंत्रातली नळीच घेऊन आली. "कागद नको, लाइट नको. हे बघा. नारंगी होतं, तुमच्या मातीनं हिरवं केलं." तिनं नळी मशीनच्या काचेसमोर धरली, सगळ्यांना दिसावी म्हणून.

आणि तिथं एमएस्सीची बाई शाळेतला पहिला धडा विसरली. लाल उजेडात हिरवं हिरवं दिसत नाही. काळं दिसतं!

"काळं!" नर्मदाबाई जुन्या कॉम्प्युटरवरून उठल्याच. "अगं बाई, काळंकुट्ट झालं की!"

"लाल बरं होतं की मग!" मागून कुणीतरी म्हणालं.

"माज्या रानाला काय झालं वो हे?" माणिकराव घाबरून लिंबाजीवर उसळले. "काय खाऊ घालतूस रं मेंढ्यांना?"

"बाहेर चला," राजेश्री म्हणाली. "उजेडात बघा."

"बाहेर? आता? ऊन बगितलं का ताई?" गार अंधारात बसलेल्या पंधरा-वीस माणसांपैकी एकही हललं नाही. सत्य बघायला कुणाची ना नव्हती. फक्त ते सावलीत आणून द्यायला हवं होतं.

तिनं पडदा सारला, अर्ध्या शटरखालून वाकली आणि रस्त्यावर गेली. मागे लिंबाजी एकटाच आला. तिनं नळी उन्हात वर धरली. लिंबाजी बघत राहिला. मग तो परत आत गेला, आणि थोरामोठ्या माणिकरावांचं मनगट धरून, मेंढरू ओढावं तसं त्यांना शटरखालून ओढत घेऊन आला.

माणिकरावांनी कपाळावर हात आडवा धरून नळीकडे पाहिलं. हिरवी. भर उन्हात, उडीद चांगला आलेल्या रानासारखी हिरवीगार!

"हिरवंच हाय की," ते हळूच म्हणाले. "मग आत काळं कामून?"

"आत लाल लाइट आहे म्हणून."

"मग तो बंद करा की!"

हरिओम शटरखालून अर्धा बाहेर आला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो जरासा हसला, समजूतदार माणूस लहान मुलाकडे बघून हसतो तसा.

"अवो, लाइट बंद केला तर दुकानात कोण येईल?"

माणिकरावांनी खिशातून कालचा घडी केलेला रिपोर्ट काढला, उलगडला, आणि पहिल्यांदाच वाचायला लागले. "ज्वारी उद्या घिऊन जा," ते कागदातून मान वर न करता लिंबाजीला म्हणाले.

रस्त्यापलीकडे सुलाबाई ओट्यावर सांडगे वाळत घालत होती. एवढा गलका ऐकून तिनं मान वर केली. राजेश्रीच्या एका हातात नळी होती. दुसऱ्या हातानं तिनं खांद्यावरच्या पर्सचा आतला कप्पा उघडला. किल्ली उन्हात क्षणभर चमकली. यावेळी तिला दुसरं काहीही काम आठवलं नाही.

"सुलाबाई, खोली झाडून ठेवा!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की दुकानातले सगळे आपसूक बाहेर आले. "आजपासून लॅब तिकडं." मग ती हरिओमकडे वळली. आवाज पुन्हा नेहमीसारखा, हळू. "बाटल्या, यंत्र आणि जुना कॉम्प्युटर मी नेते. आत्याबाईंना बसायला दुसरं काहीतरी द्या. लाइट तुमचे तुम्ही ठेवा."